क्रीडा संकुलाचा नकाशा नंतर काढा, आधी मैदानाचा दिवस लिहून काढा

प्रश्न असा आहे. तालुक्याचं गाव, काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेली अडीच एकर जागा ताब्यात आहे. तिथे क्रीडा संकुल आणि तरणतलाव बांधायला निधी मिळायची चिन्हं आहेत. पण गावात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो तलाव झालाच पाहिजे, दुसरा म्हणतो मैदानाला हात लावू नका. जाहीर सभा घेतली, ती आरडाओरड्यात संपली. विचारणाऱ्या ताई पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. पुन्हा सभा घ्यावी, घरोघरी फॉर्म भरून घ्यावेत, की सरळ बहुमताने ठराव करून मोकळं व्हावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, या तिन्हींतलं सध्या काहीच करू नका. पुढच्या पंधरा दिवसांत मैदानावर जाऊन बसा. मी तीस वर्षं नगरपरिषदांसाठी मैदानं, बागा, सभागृहं यांचे आराखडे करतोय. लोकांची भांडणं जागेवरून आहेत असं वाटतं, पण खोलात गेलं की ती वेळेवरून निघतात. सकाळी सहाला तिथे कोण असतं, दुपारी कोण, रात्री नऊला कोण, आणि नवं बांधकाम झालं की यातलं कोण बाहेर पडणार, हे कुणी विचारलेलंच नसतं. ते विचारलं की निम्मं भांडण निवतं आणि उरलेलं निम्मं निदान नीट दिसतं.

तुमची सभा का फिसकटली ते आधी सांगतो, कारण त्यात तुमचा दोष कमी आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा गावाला ग्रामसभा होती. कुणीही उठून विचारायचं, सरपंच-ग्रामसेवकांना उत्तर द्यावं लागायचं, वहीत नोंद व्हायची. नगरपंचायत झाली आणि ती जागा गेली. सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगरसेवक. माणसं फार तर मागे बसून ऐकतात. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्यांची सक्ती ३ लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांनाच आहे. म्हणजे वीस-पंचवीस हजारांच्या गावाला ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती. अशा गावात वर्षांनी एखादी जाहीर सभा होते तेव्हा लोक तिथे नळाचं, गटाराचं, घरपट्टीचं, सगळं साचलेलं घेऊन येतात. त्या दिवशी तलावावर बोललेली निम्मी माणसं तलावावर बोलत नव्हती. हे मनावर घेऊ नका, पण पुन्हा तशीच सभाही घेऊ नका.

आता मैदानाचा दिवस लिहायचा म्हणजे काय, ते सांगतो.

एक साधी वही घ्या. पहाटे पाच ते रात्री अकरा, दर अर्ध्या तासाला एक ओळ. मैदानावर कोण आहे, किती आहेत, काय करतायत, कुठल्या कोपऱ्यात. तीन दिवस पुरतात: एक कामाचा दिवस, एक रविवार, एक बाजाराचा दिवस. कॉलेजची चार पोरं-पोरी पाळीने बसवा, पण एक पहाट आणि एक रात्र तुम्ही स्वतः बसा. हे दुसऱ्यावर सोपवायचं काम नाही.

एका गावात मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पहाटे सव्वापाचला मैदानावर चाळीसेक मुलं-मुली धावत होती. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. एका मुलीने दगडाला ओढणी बांधून तिची सुरुवातीची खूण केली होती. तिचे वडील मोटारसायकलचा दिवा मैदानाकडे करून उभे होते, कारण मैदानावर एकही दिवा नव्हता. आमच्या आराखड्यात त्या जागेवर फुलझाडांचे वाफे होते. नगरपरिषदेत कुणालाही ही मुलं तिथे येतात हे ठाऊक नव्हतं, कारण कार्यालय उघडतं तोवर ती घरी गेलेली असत. गावातला कुणीही माणूस या मुलांच्या विरोधात नव्हता. तरी कागदावर आम्ही त्यांना मैदानाबाहेर काढलं होतं.

दिवसाबरोबर वर्षही लिहा. त्यासाठी बसायची गरज नाही, जुन्याजाणत्यांना विचारा. जत्रेचे पाळणे किती दिवस असतात, ईदची नमाज तिथे होते का, दसऱ्याला सोनं लुटायला लोक तिथे जमतात का, शाळांच्या तालुका स्पर्धा कधी, गणपतीचा मांडव कुठे, मेंढपाळ उतरतात का, लग्नाच्या पंगती पडतात का, निवडणुकीच्या सभा कुठे होतात. हे सगळं बारा महिन्यांच्या एका मोठ्या कागदावर मांडा आणि तो कागद नगरपंचायतीच्या दारात लावा. खाली लिहा: ‘यात काही राहिलं असेल तर पेनने भरा.’ हा कागद आठ दिवसांत भरतो. लोक मत द्यायला कचरतात, पण चूक दुरुस्त करायला पुढे येतात. माझ्या कामात मला याहून उपयोगी गोष्ट सापडलेली नाही.

मैदानाच्या तासांवरून आणि दिवसांवरून वाद होणं लहान गावापुरतं नाही. १९२५ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या शिवाजी पार्कावर क्रिकेट खेळणारे, सभा घेणारे आणि कडेने राहणारे यांची ओढाताण उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१० साली न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं. मैदान कुणाचं, यावर तिथे वाद नव्हता. कुठल्या दिवशी, कुठल्या आवाजात, कुणासाठी, हा होता.

वही भरली की बैठका. एक मोठी सभा नको, आठ-दहा लहान बैठका घ्या. आणि लोकांना बोलावू नका, लोक जिथे असतात तिथे जा. बचत गटाच्या बायका हप्ते भरायला ज्या दिवशी जमतात त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर. तालमीत संध्याकाळी. मशिदीच्या आणि मंदिराच्या विश्वस्तांकडे घरी. शाळेत मुख्याध्यापकांना विचारून सातवी-आठवीच्या वर्गात. मैदानाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्याकडे वेगळं आणि सगळ्यात आधी, कारण चेंडू त्यांच्या काचेवर येणार, दिवे त्यांच्या खिडकीत शिरणार, आणि गाड्या त्यांच्या दारात लागणार. हातगाडीवाल्यांना विसरू नका. मैदानाच्या फाटकाशी भेळ आणि उसाचा रस विकणाऱ्याचं पोट त्या फाटकावर आहे. तुम्ही फाटक दुसऱ्या बाजूला नेलंत की त्याचा धंदा बसला, आणि तो ते तुमच्या सभेत उभा राहून सांगणार नाही.

या बैठकांत ‘तलाव हवा की नको’ असं विचारू नका. हवं-नको विचारलं की माणूस बाजू घेतो, आणि एकदा चारचौघांत बाजू घेतली की ती सोडणं त्याला कमीपणाचं वाटतं. तीन प्रश्न विचारा. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी आज मैदानावर कधी जातं? जात नसाल तर कशामुळे? आणि नवं काही झालं तर आजचं काय जाऊ नये? बायकांच्या बैठकीत दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी मला एकच उत्तर मिळालंय: संडास नाही, उजेड नाही, आणि बसायची जागा आहे तिथे पुरुष पत्ते खेळतात. तलावाची मागणी करणाऱ्या आणि विरोध करणाऱ्या दोन्ही गटांत हे कुणी बोललं नव्हतं, कारण दोन्ही गट पुरुषांचे होते.

अपंग माणसांची बैठक वेगळी घ्या, चार माणसं आली तरी घ्या. त्यांना बाकीच्या बैठकांत पोचताच येत नाही, म्हणून ती मोजली जात नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराला १२ फूट लांबीत १ फुटापेक्षा जास्त चढ नको, हे पुस्तकात असतं. पण फाटकात मोटारसायकली येऊ नयेत म्हणून जो लोखंडी वळसा बसवतात, त्यातून अपंगांची तीनचाकी सायकल जात नाही, हे मला एका शिक्षकांनी स्वतः अडकून दाखवलं.

एवढं झाल्यावर पैशाचं आणि पाण्याचं बोला. इथेच बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं, कारण बांधायचे पैसे वरून येतात आणि चालवायचे पैसे गावाने काढायचे असतात. निधीच्या पत्रात चालवायच्या खर्चाबद्दल बहुधा अवाक्षर नसतं.

तुमच्याकडे तलावाची मागणी आहे म्हणून त्याचाच हिशेब घालतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी १.३ मीटर खोल असा तलाव धरा. त्यात ४ लाख लिटर पाणी मावतं. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटरचा मापदंड धरतात. त्या मापाने हे ३,००० माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. हे एकदाच भरायचं आणि गाळून पुन्हा वापरायचं असतं, त्यामुळे ‘तलाव गावाचं पाणी पितो’ म्हणणारेही पुरते बरोबर नाहीत. पण उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर वाफ झाली तरी अडीच हजार लिटर गेलं, गाळणी धुवायला लागणारं पाणी वेगळं. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, गावाला चौथ्या दिवशी नळ येत असताना, रोज निदान अर्धा टँकर तलावात जाणार. हे लोकांना आकड्यांत सांगा. पुन्हा गाळणीवर चालवणारा माणूस, क्लोरीन, वीज, आणि पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारा जीवरक्षक, तोही प्रत्येक पाळीला. नुसता चोवीस तासांचा राखणदार ठेवायचा तर तीन पाळ्यांना तीन आणि सुट्टीबदली एक, अशी चार माणसं लागतात. माणशी महिना १५,००० धरले तर वर्षाचे ७ लाख २० हजार झाले, आणि अजून पाण्याला हातही लागलेला नाही.

मी तलावाच्या विरोधात नाही. ज्या गावच्या नदीत-विहिरीत दर वर्षी पोरं बुडतात, तिथे पोहायला शिकायची सुरक्षित जागा हवीच, आणि मुलींना तर हवीच. पण एका गावात मी पाहिलंय: तलाव बांधला, उद्घाटन झालं, एक उन्हाळा कसाबसा चालला. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं. रिकाम्या तलावाच्या फरशा उन्हाने सुटल्या, मग पावसाचं पाणी साचून डास झाले, मग कुंपण घालून कुलूप लागलं. त्या कुंपणात मैदानाचा जो कोपरा गेला तिथे पूर्वी मुलं विटीदांडू आणि क्रिकेट खेळायची. तो आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत मी होतो. पाण्याचा प्रश्न मी बैठकीत एकदा विचारला, ‘योजना मंजूर आहे, पाणी येईल’ असं उत्तर मिळालं, आणि मी गप्प बसलो. आज कुणी मला असं उत्तर दिलं तर मी म्हणतो, आधी पाणी येऊ द्या, तोवर तलावाची जागा मोकळी राखू आणि बाकीचं बांधू.

आता जागेचं माप. कागदावरची अडीच एकर लोकांच्या डोळ्यांपुढे फार मोठी असते. जो-तो त्यात आपलं एकेक घालतो: चारशे मीटरची धावपट्टी, तलाव, बॅडमिंटन हॉल, जॉगिंग ट्रॅक, मुलांची घसरगुंडी, व्यासपीठ, वाहनतळ. हे सगळं घातलेला संगणकावरचा रंगीत देखावा सभेत दाखवला की टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांना आपण सहमती समजतो. प्रत्यक्षात ४०० मीटरची पूर्ण धावपट्टी ठेवायला साधारण १७६ मीटर लांब आणि ९२ मीटर रुंद जागा लागते, म्हणजे जवळपास चार एकर. तुमची अडीच एकर म्हणजे साधारण १०० मीटर बाय १०० मीटर. तिच्यात ती बसतच नाही. २०० मीटरची बसते. भरतीच्या मुलांना १६०० मीटरला आठ फेऱ्या, मुलींना ८०० ला चार. हे आधीच सांगितलं तर पोरं मान्य करतात. बांधून झाल्यावर कळलं तर तोंडाला पानं पुसली म्हणतात, आणि खरंच म्हणतात.

म्हणून देखावे दाखवू नका. फक्की मारा. कुठल्याही शाळेचा क्रीडाशिक्षक तुम्हाला दोन पोती फक्की आणि सुतळी घेऊन एका सकाळीत सगळं खऱ्या मापाने मैदानावर आखून देईल. तलाव २५ बाय १२.५, आणि त्याभोवती फरसबंदी, कपडे बदलायच्या खोल्या, गाळणीची खोली, कुंपण. हे सगळं धरलं की तलावाच्या तिप्पट-चौपट जागा जाते, पाव एकराच्या वर. कबड्डीचं अंगण १३ बाय १०. खो-खोचं २७ बाय १६. व्हॉलीबॉल १८ बाय ९. मग गावाला संध्याकाळी बोलवा, चहा ठेवा, आणि लोकांना त्या रेघांमधून चालू द्या.

अशी एक संध्याकाळ मला नीट आठवते. तलावासाठी दोन वर्षं पाठपुरावा करणारे एक निवृत्त गृहस्थ फक्कीच्या चौकोनात उभे राहिले, चारही बाजूंना फिरले, आणि म्हणाले, ‘एवढी जागा जाणार? मग पोरं खेळणार कुठं?’ त्याच वेळी मैदान वाचवा म्हणणाऱ्या मंडळींतला एक तरुण खो-खोच्या दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत होता. त्यांच्या शाळेच्या मुली जिल्ह्याला खेळून आल्या होत्या आणि त्यांना सरावाला पक्कं अंगण नव्हतं. बांधकाम नकोच म्हणणारा तो, अंगण, खांब आणि कडेला शेड लागेल हे स्वतःहून बोलला. कुणी कुणाला पटवलं नाही. दोघांनी मापं पाहिली, एवढंच. रात्री वाऱ्याने निम्म्या रेघा पुसल्या, सकाळी शाळेच्या मुलांनी त्या पुन्हा मारल्या आणि त्यात कबड्डी खेळायला लागली.

यानंतर निवड करायला लावा, पण हात वर करून नको. हात वर करायला सांगितलं की सून सासूकडे पाहते, शेतमजूर मालकाकडे, आणि कार्यकर्ता नेत्याकडे. आमच्याकडे चिंचोके असतात. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. एकेका सुविधेपुढे एकेक वाडगा, आणि वाडग्यावर किंमत: उजेड दोन, संडास दोन, धावपट्टी दोन, सावलीची झाडं आणि बाकं एक, खो-खो-कबड्डीची अंगणं एक, बॅडमिंटन हॉल चार, तलाव सहा. किमती तुमच्या अभियंत्याकडून बांधकामाचा आणि देखभालीचा खर्च धरून ठरवून घ्या, मनाने ठरवू नका. मी दिलेल्या नुसत्या नमुन्याच्या आहेत. तलाव घेतला की उरतात चार. मग माणूस वाडग्यापुढे थांबतो, शेजारणीशी बोलतो, चिंचोके परत उचलतो. तो थांबतो ना, ते मला हवं असतं. वाडगे आडोशाला ठेवा, आणि बायकांचे, मुलांचे, पुरुषांचे चिंचोके वेगळे मोजा. बेरीज एकत्र केलीत तर पुन्हा पुरुषांचंच गणित पुढे येतं.

इथे एक सावधगिरी. चिंचोक्यांनी निर्णय होत नाही, चर्चेला आकार येतो. एखाद्या वाडग्यात थोडेच चिंचोके पडले म्हणून तो मागणारे खोटे ठरत नाहीत. मैदानाशेजारच्या सहा घरांना रात्रीची झोप हवी असेल तर सहाशे लोकांचे चिंचोके तिच्यावर भारी पडता कामा नयेत. काही गोष्टी मोजायच्या नसतात, पाळायच्या असतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती आधीच मांडून टाका. मैदानात ५० वर्षांहून जुना वड, पिंपळ, कडुनिंब असेल तर २०२१च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याने वारसा वृक्ष आहे. तो तोडायचा का, यावर मत घेऊच नका. त्याला सोडून आखा.

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तिचं दुर्लक्ष झालं की सगळी मेहनत वाया जाते. आराखड्यातलं आरक्षण ‘खेळाचं मैदान’ असं आहे की ‘क्रीडा संकुल’, हे शब्दशः पाहा. मैदानावर किती बांधकाम चालतं याची मर्यादा एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. ती तुमच्या जागेपुरती नगररचना कार्यालयाकडून लेखी घ्या. आरक्षण बदलावं लागत असेल तर १९६६च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना, हरकती, सगळं रीतसर होऊ द्या. भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. हद्दीचा वाद निघाला की फक्कीच्या रेघा फुकट. हे वाचणाऱ्या इतर कुणाच्या गावात जागा अजून ताब्यातच नसेल, तर आधी तिच्यामागे लागा. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागामालकाने कलम १२७ची नोटीस दिली की २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलावी लागतात, नाहीतर आरक्षणच उडतं.

आणि ठराव बहुमताने करून मोकळं व्हावं का, असं विचारलंत, त्यावर एक निकाल सांगतो. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयासाठी देऊन टाकला होता. शेजारच्या रहिवाशांनी दाद मागितली आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं. शेजाऱ्यांना बोलायचा अधिकार आहे, हेही स्पष्ट केलं. तुमच्याकडे रुग्णालयाचा प्रश्न नाही, पण ज्याला आज बाजूला साराल तो उद्या कागद घेऊन उच्च न्यायालयात उभा राहू शकतो. स्थगिती आली की निधीचं वर्ष निघून जातं.

सहमती आणि एकमत यांत मी फरक करतो. एकमत होत नाही, त्याची वाट पाहू नका. माझ्या दृष्टीने सहमती झाली तेव्हा समजावं, जेव्हा विरोध करणारा माणूस म्हणतो, ‘मला हे पसंत नाही, पण माझं म्हणणं तुम्ही बरोबर लिहिलंय, आणि मला काय मिळणार-काय जाणार हे कळलंय.’ तिथवर पोचायला त्याचं म्हणणं खरंच त्याच्या शब्दांत लिहावं लागतं. मी प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त तिथेच लिहून, उठायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवतो. ‘असं नव्हतं म्हणालो’ असं कुणी म्हटलं की खोडून त्याच्यासमोर पुन्हा लिहितो. याला वीस मिनिटं जास्त लागतात. त्या वीस मिनिटांत माणसं निवतात.

आणि प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या. घेतली तर कुठे घेतली, नाही घेतली तर का नाही. गोव्यात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. २००६ साली अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृती दलाने नवा आराखडा हाती घेतला. गावागावांचे नकाशे पंचायतींकडे गेले आणि ग्रामसभांनी त्यावर बसून काम केलं. आपल्याकडे एवढ्या खाली नकाशे नेऊन विचारल्याची उदाहरणं फार थोडी. पण शेवटच्या नकाशात आपलं म्हणणं दिसत नाही अशा तक्रारी गावोगाव झाल्या आणि २०१२ साली तो आराखडा स्थगित ठेवावा लागला. विचारून उत्तर न दिलेला माणूस न विचारलेल्या माणसापेक्षा जास्त दुखावतो. तुमच्या गावात दोनशे सूचना येतील. त्यांची उत्तरं लिहायला एका कारकुनाचा आठवडा लागेल. तो द्या.

आता ठराव. त्यात नकाशाबरोबर वेळापत्रक घाला, जोडपत्र म्हणून नको, ठरावाच्या मजकुरात. पहाटे पाच ते सात धावपट्टी भरतीच्या मुलांना आणि चालणाऱ्यांना, दिवे लावून. शाळेच्या वेळेत अंगणं शाळांना. संध्याकाळी चार ते सहा मुलींच्या सरावाला राखीव. जत्रेचे आणि सणांचे दिवस तारखांसह. खासगी कार्यक्रमांना वर्षात किती दिवस द्यायचे आणि किती भाड्याने. देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली, दर वर्षी किती. वेळापत्रक बदलायचं तर पुन्हा सर्वसाधारण सभेत यावं लागेल, असं वाक्य टाका. नवीन मंडळ आलं, मुख्याधिकारी बदलून गेले, तरी हे राहतं. नुसत्या तोंडी शब्दावर विसंबलेल्या तीन गावांत संध्याकाळची मुलींची वेळ वर्षभरात गेलेली मी पाहिली आहे.

श्रेयाचं राजकारण होणार, ते टाळता येत नाही. पण फलकाचं आधीच ठरवून ठेवा. एका नगराध्यक्षांनी फलकावर बैठका झालेल्या सगळ्या आळ्यांची, वाड्यांची नावं घातली, नेत्यांची नावं खाली. विरोधी गटाचे लोक त्या दिवशी भूमिपूजनाला आले.

काम टप्प्याने करा. पहिल्या टप्प्यात ज्यावर कुणाचंच भांडण नाही ते: दिवे, बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा संडास, पिण्याचं पाणी, धावपट्टी, झाडं. ते चांगलं चाललं, संडास वर्षभर स्वच्छ राहिला, की दुसऱ्या टप्प्यावर लोकांचा विश्वास बसतो. संडास राखता आला नाही तर तलावही राखता येणार नाही, हे मग कुणी सांगायची गरज राहत नाही. ‘निधी मार्चअखेर खर्च झाला पाहिजे’ हा दबाव येईल. पहिल्या टप्प्याचं अंदाजपत्रक तेवढ्यासाठी तयार ठेवा, म्हणजे पैसा परत जाणार नाही आणि घाईत तलावाचा खड्डाही खणला जाणार नाही.

तुमच्याकडे आता पाऊस उघडतोय असं तुम्ही लिहिलंय. मैदान अजून आठ-दहा दिवस ओलं राहील, फक्की टिकणार नाही. तेवढ्यात वही सुरू करा. पहिली पहाट तुमची. पाचला पोचा, बॅटरी बरोबर घ्या, आणि धावणाऱ्या मुलींना आधी नाव सांगा, नाहीतर अंधारात अनोळखी माणूस पाहून त्या दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.